टायफॉइड, कावीळ आणि मोडलेला पाय

मंडईच्याच दिवशी पाहुणे बोलवायची अक्कल राजूची. दिवाळीनंतरच्या या जत्रेच्या दिवशी गावात घरोघरी दहा-दहा माणसं उतरतात, मैदानात जिलेबीच्या कढया चढतात, दुपार व्हायच्या आत भोंगे कोकलायला लागतात. अशात तुमसरहून आपल्या पोरीला, खुशीला, बघायला येणाऱ्या मंडळींना त्याने खुशाल सांगून टाकलं होतं, "याच मंग मंडईले. पोरगी बी होईन पाहून, मंडई बी होईन."

त्यामुळे त्याची बायको तुळसाबाई पहाटेपासून एका पायावर नाचत होती. पावणेदहाला दाराशी कटंगीची ऑटो थांबली. तिच्यातून धाकटी जाऊ गीता उतरली, मागून दीर मधुकर, आणि त्याच्या मागून त्यांची श्रुतिका. तुळसाबाईचा झारा कढईतच राहिला.

"पोरगी बी आली का वं?" तोंडभर हसून ती म्हणाली, पण ते हसू डोळ्यांपर्यंत काही पोचलं नाही.

"आली ना ताई. आबाजीचा फोन आलता."

आबाजी म्हणजे महागू शेंडे, राजू-मधुकरचे वडील. वय एक्क्याऐंशी, एक कान पूर्ण बंद, दुसरा सोयीनुसार. आठ दिवसांपूर्वी त्यांनी दोन्ही मुलांना फोनवर ठणकावलं होतं की दोन्ही नाती मंडईला घरात पाहिजेत. एक जरी नसली तर पाहुण्यांसमोर आपण सदरा घालणार नाही, उघडेच बसू. आबाजी तसे बसले असते याबद्दल कोणालाच शंका नव्हती.

तुळसाबाईने गीताला मागच्या दारी नेलं.

"राग नोको मानू, गीता. चौथं स्थळ आहे हे. तीन जन पोहे खाऊन गेले, विचार करून कळवतो म्हने, आतापर्यंत विचारच करून राह्यले. पाहुण्यायसमोर श्रुतीचं ते... दवाखान्याचं नोको काढजो. गोळ्या बी नोको दिसू देजो."

गीताला बोलायचं पुष्कळ होतं. मागच्या डिसेंबरातली ती सकाळ अजून तिच्या अंगावर काटा आणायची. बालाघाटच्या घरात गॅसवर दूध होतं. श्रुतिका स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभी राहून कपडे वाळत घालायचं सांगावं तशा आवाजात म्हणाली होती, "आई, मले जगाचं नाई वाटत. लय दिवसापासून. तुले सांगतलेलं बरं म्हनून सांगून राह्यली." गीताने गॅस बंद केला होता आणि ती त्याच दिवशी लेकीला घेऊन गोंदियाला डॉक्टर मॅडमकडे गेली होती. सोळाव्या वर्षी वर्गात पहिली येणारी पोर सतराव्या वर्षी वेणी घालायलाही उठत नव्हती. ते सगळं वर्ष गीताच्या जिभेवर आलं. पण समोर जावेच्या कपाळावरचा घाम होता आणि आतल्या खोलीत खुशीची नवी साडी होती.

"हौ ताई," ती म्हणाली आणि लगेच तिला स्वतःची लाज वाटली.

---

आतल्या खोलीत खुशी साडीत अडकली होती. चोवीस वर्षांची खुशी गावातल्या शाळेत तिसरीला शिकवायची, चाळीस पोरांना एका नजरेत बसवायची, पण साडीच्या निऱ्या तिला बसत नव्हत्या.

"पिन लाव ना यार. टोचू नोको फक्त."

"हिलू मत," श्रुतिका म्हणाली आणि टोचलीच.

"आई गं! जान लेगी क्या?"

श्रुतिकाच्या ओठाचा कोपरा हलला. खुशीने आरशातून ते पाहिलं. मागच्या वर्षी हीच बहीण फोन उचलत नव्हती. तेव्हा खुशीने रोज शाळा सुटली की एक व्हॉइस नोट पाठवायचा नेम धरला होता. आज अमक्याने खडू खाल्ला, आज तमकीने मला लग्नाचं विचारलं. जवाब कधीच आला नाही. पाचेक महिन्यांनी तर निळी टिकही येईनाशी झाली, तरी ती पाठवत राहिली.

"खुशीताई," श्रुतिका पिन तोंडात धरून म्हणाली, "तुझ्या सब्ब्या नोट ऐकल्या मी. टिक बंद करून ठेवली होती. जवाब द्याची ताकद नव्हती ना, म्हनून."

खुशी वळली, त्यासरशी अर्ध्या निऱ्या सुटल्या.

"सब्ब्या?"

"खडू खाल्लेला पोट्टा अजून खाते का?"

"आता डस्टर खाते," खुशी म्हणाली आणि डोळे पुसायला पदर शोधू लागली. पदर नेमका श्रुतिकाच्या पायाखाली होता.

---

पाहुणे साडेबाराला आले. दादारावजींची धानाची मिल होती आणि आवाजही मिलच्या पट्ट्यासारखा. शेजारी त्यांची पत्नी अहिल्याबाई, बारीकशी, कोणीतरी ठेवून दिल्यासारखी बसलेली. मुलगा रजत उकव्याच्या खाणीत सर्व्हेअर होता. तो आल्यापासून पंख्याकडे बघत होता.

आबाजी सदरा घालून खुर्चीत बसले होते. पोहे आले. खुशी चहाचा ट्रे घेऊन येऊन बसली. श्रुतिका कोपऱ्यात वेताच्या मोड्यावर प्लेट घेऊन बसली होती, कारण आबाजींनी तिला तिथे बसवलं होतं.

"हे लहानी कोनाची?" दादारावजींनी विचारलं.

"माह्या भावाची," राजू म्हणाला. "बालाघाटले राहाते."

"काय शिकते बेटा?"

"बारावी," श्रुतिका म्हणाली.

"किती वर्षाची?"

"अठरा होतील."

"मंग बारावी तं झाली पायजे होती."

"मागच्या वर्षी पेपर नाई दिले."

"काहून?"

आता ही वेळ गीताने कल्पनेत शंभरदा पाहिली होती, पण घरातल्या तिघांनी तिची आपापली तयारी करून ठेवली आहे आणि ती एकमेकांना सांगितलेली नाही, हे तिला ठाऊक नव्हतं.

"टायफॉइड!" राजू म्हणाला.

"कावीळ," मधुकर म्हणाला.

"पाय मोडला होता!" दारातून तुळसाबाई म्हणाली.

तिघंही एकाच क्षणी बोलले होते. पंखा गरगरत राहिला.

"एकाच वर्षी?" दादारावजींनी विचारलं.

माघार घेणं राजूच्या स्वभावात नव्हतं. "तसं झालं ना की पहिले टायफॉइड झाला. टायफॉइडात चक्कर आली. चक्कर आली तं पडली. पडली तं पाय मोडला."

"आन कावीळ?"

सगळ्यांनी मधुकरकडे पाहिलं. मधुकर पाटबंधारे खात्यात सव्वीस वर्षं नोकरी करत होता आणि आजवर त्याने साधी रजाही खोटं कारण देऊन घेतली नव्हती.

"प्लास्टरात झाली," तो म्हणाला.

"प्लास्टरात कावीळ?"

"आतून."

दादारावजींनी चमचा खाली ठेवला. "कोनता पाय?"

"उजवा," राजू म्हणाला.

"डावा," तुळसाबाई म्हणाली.

"कोनाचा पाय मोडला?" आबाजी खुर्चीतून अर्धे उठले. त्यांचा चालणारा कान नेमका याच शब्दाला चालला होता. "श्रुतीचा? आन मले काहून नाई सांगतलं? मी तं सकाळीच तिले दूध आनाले पाठवलं! मोडल्या पायानं गेलती का वं तू?"

कोपऱ्यातून एक आवाज आला. नाकातून फुर्रकन निघालेला, रेडकासारखा. हा आवाज गीताच्या ओळखीचा होता. लहानपणी श्रुतिका अशी हसायची. आधी नाकातून फुर्र, मग एक शांतता, मग धबधबा. दीड वर्ष हा आवाज घरातून गेलेला होता, इतका की आपण तो विसरलो हेही गीता विसरली होती.

मग धबधबा आला. श्रुतिकाच्या हातातली प्लेट कलंडली, पोहे मांडीवर सांडले, ती पोट धरून मोड्यावरून घसरली आणि जमिनीवर बसूनच हसत सुटली. "आतून!" एवढंच तिला कसंबसं म्हणता आलं. "बाबा... आतून!"

खुशीने ट्रेवर तोंड झाकलं. रजत पंख्याकडे बघणं सोडून भिंतीकडे वळला होता, त्याचे खांदे हलत होते. आपण काय बोललो ते आबाजींना कळलं नव्हतं, पण नात हसतेय म्हणून तेही बोळक्या तोंडाने हसायला लागले. मधुकर रडत होता. त्याला वाटत होतं की आपण हसतोय.

श्रुतिकाने ओढणीने डोळे पुसले.

"काकाजी, माहे दोन्ही पाय बरोबर आहेत," ती म्हणाली. "मले डिप्रेशन झालतं. मरून जावं वाटे. आईले सांगतलं, तं आई गोंदियाले घेऊन गेली. गोळ्या अजून चालू आहेत, डॉक्टरीनसंग दर महिन्याले बोलाचं राहाते. या वर्षी बारावीचा फॉर्म भरला. एवढंच आहे."

आता कोणीच हसत नव्हतं. मैदानावरचा भोंगा तेवढा हिंदीत ओरडत होता की मौत का कुआँ आता सुरू होणार आहे.

दादारावजींनी मिशीवरून हात फिरवला. त्यांनी बायकोकडे पाहिलं नाही, मुलाकडे पाहिलं नाही. "हं," ते म्हणाले. "ठीक आहे. विचार करून कळवतो."

तुळसाबाईने दाराची चौकट धरली.

"काकाजी," खुशी उठून उभी राहिली, "मले तं तुम्ही अजून काहीच नाई विचारलं."

"तसं नाई बेटा—"

"मंग मलेच सांगू द्या. हे माही बहीन आहे. ते वाचली, याचा आमच्या घराले आनंद आहे. ते लपवून मले लग्न नाई कराचं. ना तुमच्या घरी, ना कोनाच्याच."

तिच्या निऱ्या पुन्हा सुटायला लागल्या होत्या. तिने त्या मुठीत धरल्या आणि तशीच उभी राहिली. रजतने पहिल्यांदा तिच्याकडे सरळ पाहिलं.

---

स्वयंपाकघरात तुळसाबाई भांड्यांवर राग काढत होती. गीता मागून आली तेव्हा तिने वळूनही पाहिलं नाही.

"झालं समाधान?"

"सकाळी मी तुमाले हौ म्हनलं, ताई, ते माही चूक झाली," गीता म्हणाली. "माह्या पोरीनं आज जे सांगतलं ते मी बालाघाटले शेजारनीले बी सांगू शकली नाई. वर्षभर मी बी पोटदुखीच सांगत होती. पन आता नाई सांगनार. तुमाले राग आला तरी."

तुळसाबाईने पातेलं आदळलं. मग तशीच थांबली. तिची पाठ थरथरू लागली. गीता घाबरून पुढे झाली.

"ताई, रडू नोका."

तुळसाबाई रडत नव्हती. तिने पदराचा बोळा तोंडात कोंबला होता आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"मी... उजवाच म्हनाले पायजे होतं वं," ती कशीबशी म्हणाली. "आमी दोघंबी उजवा म्हनलो असतो तं खपलं असतं!"

दोघी जावा पाटावर बसून, एकमेकींच्या खांद्यावर डोकी टेकवून, पाहुण्यांना ऐकू जाऊ नये म्हणून तोंड दाबून हसत राहिल्या. लग्नाला सव्वीस आणि वीस वर्षं झाली होती त्यांच्या. अशा त्या कधी बसल्या नव्हत्या.

"फुर्र करून हसली ना वं पोरगी," थोड्या वेळाने तुळसाबाई म्हणाली. "लहानपनीसारखी. मी बी ऐकलं."

बाहेर आबाजी दादारावजींना सोडत नव्हते. मंडईला आलेला पाहुणा मंडई न बघता परत गेल्याचं या गावात ऐकलेलं नाही, असं ते तिसऱ्यांदा सांगत होते, आणि दादारावजी जे काही उत्तर देत होते ते बंद कानाकडून देत होते.

---

मैदानात माणसाला माणूस घासत होतं. उसाच्या मोळ्या, शिंगाड्यांचे ढीग, प्लास्टिकच्या बंदुका, दंडार हे लोकनाट्य करणाऱ्या मंडळींचं ढोलकीवर हात साफ करणं चाललेलं. मधोमध आकाशपाळणा. त्याचा मालक ओरडत होता, "एक सवारी कम है, एक सवारी!"

एका पाळण्यात खुशी आणि रजत बसले होते, मध्ये राजू. आपण मध्ये का बसलोय हे राजूलाही नीटसं सांगता आलं नसतं. पुढच्या पाळण्यात श्रुतिका एकटीच होती. मालकाने गर्दीत नजर फिरवली, काठाशी उभ्या अहिल्याबाईंना हात धरून आत ढकललं आणि दांडी लावली. "बैठो अम्मा, वजन बराबर होना." दादारावजींच्या हातात बायकोची पर्स आणि चपला राहिल्या.

पाळणा वर निघाला तशा अहिल्याबाईंनी डोळे मिटून श्रुतिकाचं मनगट पकडलं. पार वर गेल्यावर, भोंग्याच्याही वर, त्या डोळे न उघडताच म्हणाल्या,

"त्या गोळ्यायनं झोप येते का वं?"

श्रुतिकाला आधी वाटलं आपल्याला नीट ऐकू आलं नाही. "कोनाले, काकूजी?"

पाळणा खाली आला. दादारावजी पर्स धरून वर बघत होते. अहिल्याबाई ताठ बसल्या आणि मोठ्याने म्हणाल्या, "जिलेबी चांगली दिसून राह्यली."

पुन्हा वर.

"मले दोन वर्सं झाले," त्या भरभर बोलू लागल्या. "सकाळी उठावंच नाई वाटत. उठली का काहून उठली असं वाटते. हे म्हनते, घरात सुख आहे म्हनून सुचते. तुले कसं वाटे?"

"छातीवर कोनी ओला पोता ठेवल्यासारखं."

"हौ!" अहिल्याबाईंनी डोळे उघडले. "ओला पोता! हौ!"

खाली. "गर्दी लय आहे यंदा."

वर. "मंग कसा निघाला?"

"एकदम नाई निघाला. पहिले तीन हप्ते काहीच नाई झालं, मी तं म्हनलं पैसे फुकट गेले. मंग मॅडमनं गोळी बदलून देली. बोलाचं चालूच होतं. आन एक दिवस वरनाले चव आली."

"वरनाले?"

"साधं वरन. मी दुसऱ्यांदा मांगतलं तं आई वाढाचं सोडून माह्या तोंडाकडंच पाहात राह्यली."

खाली. अहिल्याबाईंनी दादारावजींना नुसताच हात हलवला. दादारावजींनी गोंधळून पर्स हलवली. श्रुतिकाचं नाक फुरफुरलं.

"आता पूर्न बरी आहे का तू?" वर गेल्या गेल्या प्रश्न आला.

"नाई. मागच्या हप्त्यात दोन दिवस खराब गेले. पन आता मले माहीत आहे का ते येते न जाते. पहिले वाटे, हेच राहनार."

पाळणा मंदावू लागला. मालकाने दांडीला हात घातला, तोच त्या बारीकशा बाईच्या गळ्यातून असा आवाज निघाला की जिलेबीवाल्यानेही मान वळवली.

"थांबवू नोको! आनखी एक चक्कर!"

दादारावजींच्या हातून एक चप्पल पडली.

तीन फेऱ्या झाल्या. उतरताना अहिल्याबाईंचा पदर ढळलेला, केस विस्कटलेले, दोन्ही गाल लाल. त्यांनी दादारावजींच्या हातातून पर्स घेतली.

"पोरगी पसंत आहे. घर बी पसंत आहे."

"अवो, विचार करून—"

"विचार झाला वरती," अहिल्याबाई म्हणाल्या. "आन गुरुवारी गाडी काढजा. मले गोंदियाले जाचं आहे, दवाखान्यात."

"कायले? काय झालं तुले? टायफॉइड—" आणि एवढा शब्द तोंडातून निघाल्यावर दादारावजी स्वतःच थांबले. मागे रजतला हसू आवरेना. दादारावजींनी बायकोकडे पाहिलं, या दिवसात पहिल्यांदाच नीट, बराच वेळ. मग खाली वाकून त्यांनी पडलेली चप्पल उचलली आणि तिच्या पायाशी ठेवली. "येतो," ते म्हणाले. मिलचा पट्टा बंद झाल्यावर येतो तसा हलका आवाज होता तो. "मी बी संग येतो."

---

गीता खालून हे सगळं बघत होती. तिला शब्द ऐकू आले नव्हते, वरचे तर मुळीच नाहीत. श्रुतिका झोकांड्या खात तिच्याकडे आली आणि गळ्यात पडली.

"आई, चक्कर येऊन राह्यली."

"गोळी घेतली होती ना सकाळी? जेवली नाई का बरोबर? बस खाली, बस—"

"झुल्याची चक्कर वं, आई! झुल्याची!" आणि तिने गीताचा हात ओढला. "चल. तू बी."

"मी? नाई वं बाई, मले भेव वाटते."

मालकाला तेवढंच पाहिजे होतं. दांडी लागली, जमीन सुटली. गीताने डोळे घट्ट मिटले. पाळणा चढत गेला आणि खालचे लोक उतरत-बसत होते म्हणून नेमका शेंड्यावर थांबला, डुलत.

"उघड डोळे."

"नाई."

"आई, उघड तं."

गीताने एक डोळा उघडला. कापलेल्या धानाच्या बांध्या, लहान-लहान शेतं, पार कटंगीपर्यंत पिवळ्या पडल्या होत्या, खळ्यांवर पेंढ्यांचे ढीग होते, तिरप्या उन्हात धूळसुद्धा चमकत होती. श्रुतिका तिच्याकडे बघत नव्हती. ती लांब कुठेतरी बघत होती आणि तिच्या तोंडाला खंड नव्हता.

"फरवरीत पेपर होतील. मंग मार्चमंधी मले उकव्याची खान पाहाची आहे, जीजाजी दाखवतील ना? आन खुशीताईच्या लग्नात मी घागरा घालीन, साडी नाई. हिरवा. आन हट्टा गावची जुनी बावडी आपुन पाहिलीच नाई अजून, एवढ्या जवळ राहून! बाबाले सुट्टी घ्याले लावू, खरं कारन सांगून. आन कॉलेजात गेली का मी केस कापीन, इथपर्यंत. तू नाई म्हनशीन, तरी कापीन..."

गीता नाही म्हणाली नाही. पोरीच्या तोंडून पुढचा आठवडाही निघत नव्हता, तिथे आज फेब्रुवारी आली होती, मार्च आला होता, लग्नाची तिथी निघायच्या आत घागऱ्याचा रंग ठरला होता. दुसरा डोळाही तिने उघडला. वाऱ्याने त्याला पाणी आलं.

"अजून?" तिने विचारलं. "अजून काय करशीन?"

श्रुतिकाने उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि त्याच क्षणी पाळणा सुटला. दोघी एकमेकींना धरून, पोटातून, सगळ्या मंडईला ऐकू जाईल अशा किंचाळल्या.